थ्रिलरमधला खलनायक आणि औषधांची पिशवी



मधुमेह किंवा ब्लडप्रेशरवरचा लेख असेल या अपेक्षेने आपण आला असाल, तर आज थोडी वेगळी गोष्ट आहे. गेल्या तीन महिन्यांत रात्री दवाखाना बंद केल्यावर मी चार कादंबऱ्या वाचून काढल्या. दोन थ्रिलर आणि दोन विज्ञान कादंबऱ्या. तीन जुन्या, मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर एकदा वाचलेल्या, एक अलीकडची. त्यांच्याविषयी माझे मत सांगतो. मात्र एक सूचना आधीच देतो : कथेतली रहस्ये उघड होणार आहेत. ज्यांना पुस्तके स्वतः वाचायची आहेत, त्यांनी आधी ती वाचून मग इकडे यावे.

निमित्त झाले एका पेशंटचे. ते निवृत्त शिक्षक, वय ६८. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे गावात सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, मीही म्हणतो. सहा वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. उजव्या जांघेत हर्निया आहे, हे मी त्यांना दीड वर्षापूर्वीच सांगितले होते. पण ऑपरेशनचे नाव काढले की सर विषय बदलायचे. शेवटी एकदा मी जरा चढ्या आवाजात विचारले, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवले. रॉबिन कुकची ‘कोमा’.

“डॉक्टर, हे वाचा आणि मग मला भूल घ्यायला सांगा.”

मी हसलो. हसायला नको होते. भीतीला हसल्याने भीती जात नाही, पेशंट मात्र बोलायचा थांबतो. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून आतडे बाहेर डोकावणे. झोपल्यावर तो आत जातो तोवर घाई नसते. पण एखाद्या दिवशी आतडे तिथे अडकले आणि त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांत ते काळे पडू लागते. मग ठरवून करायचे सोपे ऑपरेशन मध्यरात्री घाईघाईत करावे लागते आणि धोका कितीतरी वाढतो. सर ही जोखीम एका कादंबरीपायी घेत होते. मी म्हणालो, “पुस्तक मी पुन्हा वाचतो सर. पण मग तुम्हीही माझे ऐकायचे.” सर हो म्हणाले.

कोमा : भीती खरी, खलनायक खोटा

१९७७ साली आलेल्या या कादंबरीचा लेखक स्वतः डोळ्यांचा डॉक्टर. बोस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयात किरकोळ ऑपरेशनसाठी आलेले धडधाकट लोक भुलीतून परत येतच नाहीत. सुझान व्हीलर ही मेडिकलची विद्यार्थिनी त्याचा माग काढते. ८ नंबरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये भुलीच्या नळीतून चोरून कार्बन मोनॉक्साइड सोडला जातो, पेशंटचा मेंदू निकामी होतो आणि पुढे त्याचे अवयव विकले जातात, हे तिला कळते. दुसऱ्याच वर्षी यावर चित्रपट निघाला. तो मायकल क्रिक्टन यांनी दिग्दर्शित केला. त्यांच्याच एका कादंबरीविषयी पुढे सांगतो.

माझे मत? वेग जबरदस्त. रुग्णालयाचे वातावरण अगदी अस्सल. पात्रे मात्र पुठ्ठ्याची. इतकी माणसे इतके महिने गप्प राहतात, हेही पटत नाही. ज्याने कोणत्याही रुग्णालयात नोकरी केली आहे त्याला माहीत आहे, तिथे चहाच्या वेळेपर्यंतही कुठली बातमी लपत नाही.

डॉक्टर म्हणून माझी तक्रार वेगळी आहे. हे पुस्तक वाचून ‘कोमा’ आणि ‘मेंदूमृत्यू’ एकच, असा समज होतो. तसे नाही. कोमातला माणूस जिवंत असतो आणि काही वेळा शुद्धीवरही येतो. मेंदूमृत्यू म्हणजे मृत्यूच. श्वास फक्त यंत्राने चालू असतो. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ ठरावीक तपासण्या करते आणि किमान सहा तासांच्या अंतराने त्या पुन्हा करते, तेव्हाच मेंदूमृत्यू जाहीर होतो. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. आणि नातेवाइकांच्या लेखी संमतीशिवाय अवयव काढता येत नाहीत.

आता भुलीविषयी. आजच्या भुलीच्या यंत्रावर आत जाणारा ऑक्सिजन किती, बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड किती, हे सतत दिसत असते आणि आकडा घसरला की अलार्म वाजतो. शेजारी भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत बसून असतात. धोका शून्य आहे असे मी म्हणणार नाही. कोणत्याच ऑपरेशनचा धोका शून्य नसतो. पण तो कादंबरीतला धोका नव्हे.

गंमत अशी की कादंबरीतला तो वायू खरोखरच माणसे मारतो, फक्त ऑपरेशन थिएटरमध्ये नाही, तर आपल्या बाथरूममध्ये. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असला आणि हवा खेळती नसली, की ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरते. माणसाला डोकेदुखी, मळमळ, चक्कर एवढेच जाणवते आणि दाराची कडी काढण्याआधी तो कोसळतो. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणाऱ्यांचेही हेच होते. आणखी एक लक्षात ठेवा : बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसतो. तो या वायूने भरलेल्या रक्तालाही ९८, ९९ दाखवू शकतो.

म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. कोणी आतून ओ देत नसेल, तर दार उघडा किंवा तोडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. इथे कोणी खलनायक नाही. फक्त एक बंद खिडकी आहे.

द पेल हॉर्स : नर्सने लावलेले निदान

अगाथा ख्रिस्तीची ही कादंबरी १९६१ ची. एका जुन्या सरायीत राहणाऱ्या तीन बायका म्हणे जादूटोण्याने माणसे मारतात. प्रत्यक्षात मरणाऱ्यांना थॅलियम नावाचे विष दिले जात असते आणि उलगडा होतो तो गळणाऱ्या केसांवरून. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती रुग्णालयाच्या औषधविभागात काम करत होत्या, त्यामुळे त्यांची विषे ऐकीव नसतात. या पुस्तकातही लक्षणे नेमकी आहेत.

किती नेमकी? १९७६ मध्ये ख्रिस्ती गेल्या. पुढच्याच वर्षी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात कतारहून आणलेली एक दीड वर्षाची मुलगी होती. तिची प्रकृती खालावत चालली होती आणि निदान काही होईना. तिच्याजवळ बसणारी नर्स तेव्हा हीच कादंबरी वाचत होती. मुलीचे केस गळत आहेत हे पाहून तिने डॉक्टरांना विचारले, “हे थॅलियम तर नसेल?” तपासणीत तेच निघाले. मुलगी वाचली. आणि विष कोणी दिले होते? कोणीच नाही. घरात झुरळे-उंदरांसाठी वापरलेल्या कीटकनाशकातून ते तिच्या पोटात गेले होते.

कादंबरीत खुनी होता, खऱ्या आयुष्यात उघडा राहिलेला डबा होता. आपल्याकडेही उंदराचे औषध, शेतातले कीटकनाशक, रॉकेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवतात आणि मूल ते तोंडाला लावते. ही चूक घरात असेल तर आजच दुरुस्त करा.

आणि हो, आपले केस गळत असतील तर नवऱ्यावर किंवा सासूवर संशय घेऊ नका. आपल्याकडे केस गळतात ते बहुतेक वेळा लोह कमी पडल्यामुळे, थायरॉइडमुळे, बाळंतपणानंतर किंवा टायफॉइड-डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी. रक्त तपासा, एवढे पुरे.

मला या घटनेतले आवडते ते निदान नव्हे, ती नर्स आवडते. मोठमोठे डॉक्टर समोर असताना तिने प्रश्न विचारला. आणि डॉक्टरांनीही तिला ‘कादंबऱ्या कमी वाच’ म्हणून गप्प केले नाही.

अँड्रोमेडा स्ट्रेन : कागदाचा एक तुकडा

मायकल क्रिक्टन हे हार्वर्डमधून डॉक्टर झालेले, पण प्रॅक्टिस न करता लेखनाकडे वळलेले. त्यांची ही १९६९ ची विज्ञान कादंबरी. अवकाशातून परतलेल्या उपग्रहासोबत एक अनोळखी सूक्ष्मजीव येतो आणि अॅरिझोनातल्या एका छोट्या गावातली जवळजवळ सगळी माणसे मरतात. वाचतात दोघेच : एक म्हातारा दारुड्या आणि एक सतत रडणारे तान्हे मूल. दोघांत समान काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे असतो. उत्तर निघते रक्ताच्या आम्लतेत. मुद्दा मूलतः बरोबर आहे. आपल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो आणि तो हलला की शरीराची सगळी रसायने बिघडतात.

चौघांत मला हेच पुस्तक सर्वांत आवडले. मध्यभागी आकडे, तक्ते, अहवाल जरा जास्त आहेत आणि शेवट फार सोपा केला आहे. तरीही आवडले, कारण यात खलनायकच नाही. आहेत त्या चुका. तातडीचे संदेश येणाऱ्या यंत्रात कागदाचा एक बारीकसा तुकडा अडकतो, घंटा वाजत नाही, आणि महत्त्वाचा निरोप तसाच पडून राहतो. दुसरी चूक त्याहून दुखरी. शास्त्रज्ञांपैकी एकाला फिट्सचा आजार असतो. त्याने तो लपवलेला असतो. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहताना त्याला क्षणभर भान राहत नाही आणि तेवढ्यात समोरचा महत्त्वाचा निष्कर्ष त्याच्या नजरेतून निसटतो.

हे वाचून मला माझ्या दवाखान्यातली कितीतरी कुटुंबे आठवली. लग्न मोडेल म्हणून मुलीच्या फिट्स लपवतात, मग सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, एखाद्या दिवशी घेताच येत नाहीत आणि चुलीजवळ फिट येते. फिट्सच्या बहुतेक पेशंटना नियमित औषधांनी चांगला आराम पडतो. लपवलेल्या आजारावर मात्र उपचार करता येत नाहीत.

प्रोजेक्ट हेल मेरी : कोमातून उठून थेट कामावर?

ही अँडी वेअरची २०२१ ची विज्ञान कादंबरी. शाळेत विज्ञान शिकवणारा एक शिक्षक अंतराळयानात जागा होतो. आपले नावही त्याला आठवत नसते. शेजारचे दोन सहप्रवासी मेलेले. सूर्याचे तेज खाणाऱ्या सूक्ष्मजीवांपासून पृथ्वी वाचवण्यासाठी आपल्याला काही वर्षे कोमात ठेवून पाठवले आहे, हे त्याला हळूहळू उमगते.

डॉक्टर म्हणून माझी हरकत पहिल्याच प्रकरणाला आहे. इतकी वर्षे कोमात राहून माणूस थोड्याच दिवसांत यान चालवू लागतो. लेखकाने यंत्रमानवाची देखभाल वगैरे सोय केली आहे, तरी मला ते पचले नाही. आयसीयूमध्ये आठ-दहा दिवस झोपून राहिलेल्या पेशंटची मांडी नजरेला कळेल इतकी बारीक होते. म्हाताऱ्या माणसाला तर तापासाठी आठवडाभर अंथरुणात ठेवले, तरी तो उठताना भिंत धरतो. म्हणून ऑपरेशननंतर आम्ही लवकर चालायला लावतो तेव्हा “डॉक्टर फार कडक आहेत” असे म्हणू नका.

ही हरकत सोडली तर पुस्तक सुंदर आहे. नायक शूर नाही, उलट घाबरट आहे. पण तो प्रत्येक गोष्ट मोजतो, चुकला की कबूल करतो आणि पुन्हा मोजतो. पुढे त्याला परग्रहावरचा एक सोबती भेटतो. दोघे आधी एकमेकांची भाषा शिकतात, मग कामाला लागतात. एक झोपला की दुसरा त्याच्याजवळ जागा राहतो. ते वाचताना मला वॉर्डात पेशंटच्या कॉटखाली चटई टाकून जागणारे नातेवाईक आठवले.

पुन्हा सरांकडे

लहानपणी आम्ही बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि नारायण धारपांचा समर्थ उशाशी घेऊन वाढलो. दुष्ट कोण ते कळले आणि तो पकडला गेला की पुस्तक मिटायचे आणि शांत झोपायचे, अशी आमची सवय. मोठेपणीही ती सुटत नाही. रुग्णालयात काही बिघडले की आपण आधी दुष्ट माणूस शोधतो. दुष्ट माणसे नसतात असे नाही. पैशासाठी नको त्या तपासण्या करणारे माझ्या व्यवसायात आहेत, हे मी नाकारत नाही. पण तीस वर्षांत मी पेशंटचे जे नुकसान होताना पाहिले, त्यातले बरेचसे अडकलेल्या कागदाच्या तुकड्यामुळे झाले.

पुस्तक वाचून झाल्यावर मी सरांना म्हटले, “तुमच्या मनात भूल-ऑपरेशनविषयी जेवढे प्रश्न आहेत, तेवढे एका कागदावर लिहा. आणि घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून आणा, भूलतज्ज्ञांना यादी द्यावी लागेल.” सर दुसऱ्या दिवशी आले. प्रश्न चौदा होते, सुवाच्य अक्षरात. पिशवी मी टेबलावर रिकामी केली.

अँजिओप्लास्टीनंतर मी त्यांना ॲस्पिरिनची गोळी चालू ठेवली होती. मागच्या वर्षी ते मुलाकडे दुसऱ्या शहरात गेले असताना तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी कोलेस्टेरॉलची कॅप्सूल बदलून दिली. त्या कॅप्सूलमध्येही ॲस्पिरिन होते. नाव वेगळे, रंग वेगळा, म्हणून सर दोन्ही घेत होते. शिवाय गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी. तिन्ही जठराला ओरबाडणारी. ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीत सरांचे हिमोग्लोबिन ९.४ निघाले. पोटातून थोडे थोडे रक्त जात होते.

जिना चढताना धाप लागते, असे सर मला दोन-तीनदा म्हणाले होते. मी हृदयाचा कार्डिओग्राम काढला, तो ठीक आला, आणि मी वयाकडे बोट दाखवले. मी दर वेळी त्यांची फाइल पाहिली. पिशवी पाहिली नाही.

मी त्यांना सरळ सांगितले, “सर, ही माझी चूक आहे.” सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे ती धाप वयामुळे नव्हती?”

नव्हती.

हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून औषधे नीट लावली, वेदनाशामक बंद केली, एंडोस्कोपी केली, लोह सुरू केले. ऑपरेशन सहा आठवडे पुढे ढकलले. (हे वाचून कृपया कोणी आपली ॲस्पिरिन मनाने बंद करू नका. स्टेंट असलेल्या माणसाने ती अचानक थांबवणे धोक्याचे असते. आधी डॉक्टरांना विचारा.) भूलतज्ज्ञ मॅडमनी सरांच्या चौदाही प्रश्नांची उत्तरे दिली. त्यातले पहिले उत्तर असे की, या ऑपरेशनला पूर्ण बेशुद्ध करायचेच नाही, कमरेखालचा भाग बधिर करायचा आहे. दीड वर्ष ज्या भुलीला सर घाबरत होते, ती त्यांना द्यायचीच नव्हती. हे मी त्यांना कधी सांगितले नव्हते, कारण त्यांनी विचारले नव्हते. आणि त्यांनी विचारले नव्हते, कारण मी हसलो होतो.

ऑपरेशनच्या टेबलावर त्यांना नाव, कोणते ऑपरेशन आणि कोणती बाजू, हे मोठ्याने विचारले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये तयार केलेल्या १९ मुद्द्यांच्या चेकलिस्टचा तो भाग आहे. सरांनी “उजवी” असे वर्गात हजेरी द्यावी तसे खणखणीत सांगितले म्हणे. आता ते घरी आहेत, रोज सकाळी चालतात, आणि सध्या माझी ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ त्यांच्याकडे आहे.

आपण काय करावे?

थ्रिलर जरूर वाचा. त्यातला संशय मात्र माणसावर न रोखता गोष्टींवर रोखा.

- दर सहा महिन्यांनी घरातली सगळी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णे, डोळ्यांचे थेंब, सगळे.
- नवे औषध मिळाले की विचारा : हे जुन्याच्या ऐवजी, की जुन्याबरोबर?
- कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे आणि कोणता आजार आहे, ते लपवू नका. फिट्स तर नाहीच.
- ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांना भेटा. प्रश्न कागदावर लिहून न्या.
- डॉक्टर हसले, तरी प्रश्न विचारा. दुसऱ्यांदा विचारा.

माझ्या दवाखान्यात आता एक बदल झाला आहे. पेशंट खुर्चीत बसला की फाइल उघडण्याआधी मी विचारतो, “पिशवी आणली आहे का?” पुढच्या वेळी येताना घेऊन या.

काळजी घ्या.